मळमळ, भूक आणि गांजा

गांजानं कॅन्सर बरा होत नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांना पुढे वाचायचे कष्ट नकोत. आणि गांजा हा शब्द उच्चारला म्हणून घराण्याचं नाव बुडत नाही, हे लगेच दुसऱ्या ओळीत. या दोन ओळींच्या मधे बरंच काही उरतं आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे. कारण गेले पंधरा दिवस आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या विषयावरून जी धुमश्चक्री चालली आहे, तिच्यात एकही माणूस आजारी माणसाच्या ताटाकडे बघताना मला दिसला नाही.

नात्यातल्या एका बाईंची केमो सुरू झाली आहे. नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. दोन महिन्यांत त्यांचं सहा किलो वजन उतरलं. त्यावर एका पुतण्याचं म्हणणं, गांजाचं तेल द्या, भूक लागेल, उलट्या थांबतील आणि जमलं तर गाठही विरघळेल. एका भाऊजींचं म्हणणं, शिव शिव शिव, आपल्या घरात गांजा? या वयात बाईला नशेला लावता? झालं, दोन तट पडले. एकीकडून अमेरिकेचे व्हिडिओ, दुसरीकडून संस्कारांचे सुविचार. त्या बिचाऱ्या बाई त्याच ग्रुपवर आहेत हो! त्या वाचत असतील हे कुणाच्या लक्षातही नाही.

आमच्या माहुलला मळमळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. वारा फिरला की टाक्यांचा नि कारखान्यांचा वास थेट स्वयंपाकघरात येतो आणि जेवता जेवता हात थांबतो. इथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली निकालसुद्धा दिला, पण तो वेगळा विषय. वाऱ्याबरोबर आलेली मळमळ वारा पडला की जाते. केमोची मळमळ जात नाही. ती चार-चार दिवस अंगाला चिकटून बसते, आणि गेली असं वाटेपर्यंत पुढची तारीख येते.

हे मी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत जवळून पाहिलं. २०२३ साली त्यांना पित्ताशयाचा कॅन्सर निघाला. सिस्प्लॅटिन नावाचं औषध सलाईनमधून द्यायचे. उलट्या होण्याच्या बाबतीत हे औषध अगदी वरच्या पायरीवरचं. सलाईन लागली त्या दिवशी बाई ठीक असायच्या, घरी येताना टॅक्सीत गप्पा मारायच्या. तिसऱ्या दिवशी खरा प्रकार सुरू व्हायचा. ज्या बाईनं सगळा जन्म सुकट-बोंबील निवडण्यात काढला, तिला शेजारच्या घरात जवळा परतायला घेतला तरी उठून मोरीकडे धावावं लागे. पेज नको, आमसुलाचं सार नको, पाणीसुद्धा धातूसारखं लागतं म्हणायच्या. "अगं, ताट दाखवूच नकोस, नुसतं बघितलं तरी ढवळतं," हे त्यांचं वाक्य अजून माझ्या कानात आहे.

त्या जिथे औषध घ्यायला जायच्या तिथल्या एका तरुण डॉक्टरला मी विचारलं तर तो म्हणाला, "आजी, केमो आहे, एवढं चालायचंच." मला त्या मुलाचा राग नाही, त्याच्यासमोर पन्नास माणसं उभी होती. पण हे 'चालायचंच' माझ्या डोक्यात बसलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. मुलगा नापास झाला तर 'चालायचंच' म्हणून कधी सोडून दिलं नाही, तर हे कसं सोडू?

मी एक दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, उलट्या किती, पोटात काय गेलं, रात्री झोप किती, आठवड्याचं वजन. चार आठवड्यांची वही पुढच्या वेळी मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली. मग म्हणाले, तिसऱ्या-चौथ्या दिवशी इतका त्रास होतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि सांगणार कोण? जाऊबाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "बरी आहे." आपल्या बायका डॉक्टरला नेहमी बरीच असतात.

त्यांनी औषधं बदलली. त्यात रात्री घ्यायची एक छोटी गोळी होती, ओलान्झापिन. ती घेऊन घरी आलो तर जाऊबाईंच्या जावयानं मोबाईलवर नाव शोधलं आणि एकच गलका केला. ही तर वेडावरची गोळी आहे! आमच्या सासूबाईंना वेडं ठरवता का? दोन दिवस गोळी पाकिटातच राहिली. शेवटी मी सांगितलं, अरे बाबा, मोहरी फोडणीत पडली की फोडणीची आणि नजर उतरवायला घेतली की नजरेची. गोळी तीच, काम वेगळं. तेव्हा कुठे सुरू झाली. आठवड्याभरात बाईंनी मऊ भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण मागून घेतलं. वजन फार वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. जाऊबाई पुढच्या वर्षी गेल्या. रोगानं गेल्या. त्या रोगावर माझी वही काय करणार? पण शेवटचे कित्येक महिने त्या पंगतीला बसल्या, नातवाच्या बारशाचं जेवल्या, एवढं मात्र झालं.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे ग्रुपवरच्या भांडणात 'गांजा की संस्कार' याखेरीज तिसरी वाट कुणाला दिसतच नाही. ती वाट आहे, औषधाच्या दुकानात मिळते, आणि काही रुपयांत मिळते. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी संस्थेनं १२४ रुग्णांवर याच गोळीचा अभ्यास केला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. पोट, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, फुप्फुस अशा ठिकाणचे कॅन्सर. अर्ध्यांना रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, बारा आठवडे. ज्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं त्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६० टक्के, दुसऱ्यात ९. पुढच्याच वर्षी आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलनं सुमारे पावणेतीनशे रुग्णांवर दाखवून दिलं की उलट्या रोखायला दहा मिलिग्रॅमची गरज नाही, अडीचमध्येही तेवढंच काम होतं आणि दिवसाची झापड कमी येते. परदेशातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेलं हे आपल्याच लोकांचं काम. ग्रुपवर हे कुणी पाठवलं? कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा बुवाचा गांजा ओढतानाचा व्हिडिओ मात्र मला सात वेळा आला.

(या गोळीनंही झोप येते, साखर वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हे लिहिलं नाही तर आमची डॉक्टर भाची मला फोन करेल.)

आता गांजाकडे येते. पुतण्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हे आधी कबूल करायला हवं.

गांजात नशा आणणारं जे मुख्य द्रव्य आहे, टीएचसी, ते इस्राएलमधल्या राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या दोघांनी १९६४ साली वेगळं काढलं. पुढे कळलं की आपल्या मेंदूत त्या द्रव्यासाठी जणू कुलपं तयारच आहेत, आणि उलटीची सूत्रं जिथून हलतात त्या भागातही ती आहेत. मग प्रश्न आला, देवानं काही गांजासाठी कुलपं बसवलेली नसणार, तेव्हा शरीराची स्वतःची किल्ली कोणती? ती १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली आणि तिचं नाव काय ठेवलं असेल? आनंदामाइड! आपला संस्कृतातला 'आनंद' घेऊन. वर्गात हे सांगितलं असतं तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसली असती.

टीएचसीची कारखान्यात बनवलेली कॅप्सूल, ड्रोनॅबिनॉल, अमेरिकेत १९८५ साली केमोच्या मळमळीसाठी मंजूर झाली आणि १९९२ साली एड्सच्या रुग्णांची भूक मेलेली असते त्यासाठी. म्हणजे चाळीस वर्षांचं जुनं औषध आहे. यात चोरटं काही नाही.

पण पुतण्या ज्यावर घाईघाईनं उडी मारून जातो ते इथेच आहे. १९८५ साली उलट्यांवर आजची चांगली औषधं नव्हतीच. ऑनडान्सेट्रॉन हे नाव आज प्रत्येक केमिस्टला पाठ आहे, ते अमेरिकेत १९९१ साली आलं. त्यानंतरची आणखी नवी औषधं २००३ पासूनची. गांजाची जी जुनी तुलना झाली ती त्याआधीच्या जुनाट गोळ्यांशी. आठवीतल्या मुलाला पाचवीचा पेपर घालून पहिला नंबर दिल्यासारखं आहे हे. आणि भुकेचं म्हणाल तर अमेरिकेतच २००२ साली ४६९ कॅन्सर रुग्णांवर ड्रोनॅबिनॉल आणि मेजेस्ट्रॉल हे दुसरं औषध यांची गाठ घातली. भूक सुधारली असं मेजेस्ट्रॉलवाल्यांपैकी ७५ टक्के म्हणाले, ड्रोनॅबिनॉलवाल्यांपैकी ४९. युरोपात २००६ साली गांजाचा अर्क, टीएचसी आणि नुसती खोटी गोळी अशी तिहेरी परीक्षा झाली, तीत भुकेच्या बाबतीत काहीही फरक दिसला नाही. ओढल्यावर भूक लागते हे जे कॉलेजातल्या पोरांना ठाऊक असतं, ते धडधाकट पोटाचं सांगणं झालं. कॅन्सरमध्ये भूक मरते ती वेगळ्या कारणांनी. शरीरच आतून पेटलेलं असतं.

मग उपयोग कुठे आहे? आहे. ऑस्ट्रेलियात एक चांगला अभ्यास झाला, त्याचा पूर्ण निकाल २०२४ साली आला. आजची सगळी औषधं देऊनही ज्यांच्या उलट्या थांबत नाहीत अशांनाच त्यात घेतलं. सगळी औषधं चालू ठेवून वर टीएचसी आणि त्याचं नशा न आणणारं भावंड सीबीडी, दोन्ही सारख्या मापात. पूर्ण आराम पडलेले खोट्या गोळीवर ८ टक्के, खऱ्या गोळीवर २४. तिप्पट! पण उलटीकडूनही वाचा, शंभरातल्या शहात्तरांना नाही. शिवाय चक्कर, गुंगी, गोंधळल्यासारखं होणं. सत्तरीतल्या बाईला रात्री संडासला जाताना चक्कर आली आणि खुब्याचं हाड मोडलं तर ती उलटी बरी होती म्हणायची वेळ येते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं जी मार्गदर्शक सूचना काढली तीही हेच सांगते. बाकी औषधं हरली तर मळमळीसाठी विचार करा, आणि कॅन्सरच बरा करायला म्हणून मात्र अभ्यासाबाहेर वापरू नका.

म्हणजे गांजा हा शेवटच्या फळीतला खेळाडू आहे. आमचा पुतण्या त्याला सलामीला पाठवतो आहे, आणि भाऊजी त्याला मैदानातच येऊ देत नाहीत.

त्या तेलाच्या बाटलीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण ती आता प्रत्यक्ष घरात येऊन पोचली आहे. मागवली ऑनलाइन. वैद्यांशी व्हिडिओवर चार मिनिटं बोलणं, की चिठ्ठी, की कुरिअर. बाटलीवर 'विजया' असं झोकदार नाव. पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं कायद्यानं बनवता येतात, हे बरोबर. आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. म्हणून तर काशीला सरकारी भांगेचं दुकान असतं. (आपल्या राज्यात मात्र भांगेलाही दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, हे होळीला विसरू नये.) पण बाटली कायदेशीर असणं वेगळं आणि उपयोगी असणं वेगळं. एका थेंबात टीएचसी किती, सीबीडी किती, हे त्या बाटलीवर मला भिंग लावूनही सापडलं नाही. मात्रा कळत नाही ते औषध कसलं?

शिवाय तेल पोटातून जातं. त्याचा परिणाम दिसायला तास-दोन तास लागतात. तोवर माणूस म्हणतो काही होत नाही, आणखी पाच थेंब घे. मग एकदम चढतं. आणि ज्याच्या पोटात काही ठरतच नाही त्याला पोटातून औषध, हा तर आणखी विनोद. धूर लवकर चढतो म्हणून ओढावा, तर केमोत पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात, त्यात वाळक्या पाल्यातली बुरशी फुप्फुसात गेली तर काय होईल ते पुतण्यानंच शोधून काढावं. आणखी एक गंमत सांगते. रोज भरपूर गांजा ओढणाऱ्या काही जणांना थांबता न थांबणाऱ्या उलट्यांचा विकार होतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ साली त्याचं वर्णन केलं. ही माणसं तासन् तास गरम पाण्याखाली उभी राहतात, तेवढाच आराम. ज्यानं उलटी थांबते त्यानंच उलटी होते. मात्रा, मात्रा म्हणून मी डोकं फोडते ते याचसाठी.

"आपल्या आयुर्वेदात सगळं आधीच लिहून ठेवलंय," हा संदेश कुणी पाठवला ते मी सांगत नाही. हो, लिहून ठेवलंय. शार्ङ्गधरानं भांगेचं उदाहरण दिलंय ते पचायच्या आधीच अंगभर पसरणारं द्रव्य म्हणून. भावप्रकाशात ती अग्नी वाढवते असं आहे, आणि मोह नि मद वाढवते असंही तिथेच आहे. जातीफलादि चूर्णात ती असते, तीही शोधून, मापून. जुन्या लोकांनी दोन्ही बाजू लिहिल्या, आपण पुढे पाठवताना एकच पाठवतो. आणि सिस्प्लॅटिनची उलटी त्यांच्यापुढे नव्हती, ही साधी गोष्ट आहे.

कॅलिफोर्नियातला दुसरा पुतण्या प्रेमळ आहे. त्याचा फोन आला, "आत्या, इथे दुकानात चघळायच्या गोळ्या मिळतात, अगदी मिलिग्रॅम लिहिलेल्या. डिसेंबरात येतोच आहे, घेऊन येतो." मी त्याला म्हटलं, बाळा, मिलिग्रॅम लिहिलेले असतात ते चांगलंच आहे, पण तू विमानतळावर उतरशील ते मुंबईत. तुझ्या तिथल्या दुकानाची पावती इथे चालत नाही. आपल्या कायद्यात थोडा गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे, आणि परदेशातून आणला तर तो वेगळा गुन्हा. आजारी बाईला भेटायला येणारा भाचा तुरुंगात, हे आम्हाला परवडणारं नाही.

आता भाऊजी. भाऊजी, हे तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे.

तुमचा सगळा मुद्दा 'नशा' या एका शब्दावर उभा आहे. गटारीला तुमच्या गच्चीवर जे चालतं त्याला आपण नशा म्हणत नाही, त्याला आपण 'बसणं' म्हणतो, बरोबर? मला त्यात पडायचं नाही. पण या 'नशेच्या' भीतीनं आपल्या देशात काय केलं ते ऐका. हाच १९८५ चा कायदा. त्याच्या धाकानं मॉर्फिन, जे कॅन्सरच्या वेदनेवरचं साधं, स्वस्त, जुनं औषध, ते दवाखान्यांतून जवळजवळ नाहीसं झालं. प्रत्येक राज्याचे वेगवेगळे परवाने, त्यांच्या मुदती, कागद. कुणी डॉक्टर या भानगडीत पडेना. आणि ही अवस्था कुठल्या देशात? जिथे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्यानं अफू पिकते आणि नीमच नि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते! अफू आपली, किंकाळ्या पण आपल्याच. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसारख्या औषधांसाठी देशभर एकच सोपी पद्धत आली, तेव्हा कुठे गाडं हललं. एकोणतीस वर्षं. त्या एकोणतीस वर्षांत ज्यांची माणसं ओरडत गेली त्यांच्यापुढे जाऊन कुणी संस्कारांबद्दल बोलावं.

गांजाच्या बाबतीत आपण आज नेमके तिथेच उभे आहोत. त्याच कायद्याचं आठवं कलम वाचा. बंदी आहे, पण वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारण सोडून. दहाव्या कलमात परवानगी द्यायचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. म्हणजे दार आहे, उघडायला कुणी तयार नाही. १९८५ साली अमेरिकेत ती कॅप्सूल औषध म्हणून मंजूर झाली, त्याच वर्षी आपण हा कायदा केला, आणि इतक्या वर्षांनी आपल्या कॅन्सर रुग्णाला डॉक्टरच्या चिठ्ठीवर केमिस्टकडे ती कॅप्सूल मिळत नाही. तेलाची बाटली मिळते, जिच्यात काय आहे ते कळत नाही. नाक्यावर पुडी मिळते, जिच्यात काय आहे ते विचारायचीही सोय नाही. मापून, तपासून, छापून दिलेली तेवढी मिळत नाही. याला बंदी म्हणायचं?

आणि हे काही आपल्याला नवीन नाही. १८९३-९४ साली इंग्रज सरकारनं गांजावर एक मोठा आयोग नेमला होता. सुमारे बाराशे साक्षी घेतल्या, जाडजूड खंड छापले. त्या वेळी आपल्या नगर जिल्ह्यात, साताऱ्यात गांजा पिकायचा, त्यावर कर होता. माफक वापरानं फारसं नुकसान दिसत नाही, अतिरेकानं होतं, तेव्हा सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा, असा त्यांचा निष्कर्ष. परक्या राज्यकर्त्यांना महसूल हवा होता हे मलाही कळतं, इतिहास शिकवलाय मी. पण निदान त्यांनी आधी विचारलं आणि मग ठरवलं. २०२० च्या डिसेंबरात व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी. त्या २७ मध्ये भारताचं मत होतं. तिकडे हात वर केला, इकडे हातावर हात.

अगदी काहीच चाललेलं नाही असं नाही. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत परवान्यानं गांजाची लागवड होते, वेदना नि फेफरं यांवरच्या औषधांचं बोलणं चालू आहे. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं २०२१ साली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, दोन एकरांत गांजा लावू द्या, बाकी कशाला भाव नाही. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा स्टंट ठरवला. असेलही. मला त्याच्या शेताचं सांगायचं नाही, आणि मोकळेपणानं गांजा ओढू द्या अशी मागणी करणाऱ्यांच्या मोर्च्यातही मला जायचं नाही. त्यांचा एक आवडता डाव आहे, कॅन्सरच्या रुग्णाला पुढे उभं करायचं आणि त्याच्या आडून आपली चिलीम पेटवायची. त्यांनी त्यांचा खटला त्यांच्या नावावर लढावा.

मला हवं आहे ते फार थोडं. टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे, म्हणजे आमच्या माहुलच्या शेजारी ज्यांचं भाभा केंद्र आहे त्यांच्याच. एका गोळीचे दहा मिलिग्रॅम की अडीच, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या रुग्णांवर अभ्यास करून सोडवला आणि जगानं तो वाचला. तसाच हा सोडवायला त्यांना मोकळीक, माल आणि पैसा द्या. चाळीस किलोची, डाळभात खाणारी, सत्तरीची बाई, जिला ओलान्झापिन देऊनही ओकाऱ्या थांबत नाहीत, तिला टीएचसी किती मिलिग्रॅम चालतं? ऑस्ट्रेलियातलं उत्तर तिला जसंच्या तसं लागू होईल का? हे आपल्याच वॉर्डात ठरायला हवं. उपयोग दिसला तर कॅन्सर हॉस्पिटलच्या औषधखान्यातून, रुग्णाच्या नावावर, मोजून द्या. नाही दिसला तर तसं छापा, म्हणजे तेलवाल्यांची दुकानं बसतील.

तोपर्यंत त्या बाईंच्या घरच्यांना माझं सांगणं असं. बाटली फडताळात ठेवा, आणि डॉक्टरला ती आहे हे सांगा, लपवू नका. काही औषधांशी, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळीशी, तिचं जमत नाही. वही घाला. उलटी पहिल्या दिवशी होते की तिसऱ्या हे लिहा, दोन्हींची औषधं वेगळी असतात. "बरी आहे" हे उत्तर बाईंना देऊ देऊ नका. आणि त्यांना एवढ्यात त्या ग्रुपवरून काढा. त्यांच्यासाठी वेगळा करू, त्यात नातवंडांचे फोटो टाकू.

काल भाऊजींनी फोनवर मला विचारलं, "वहिनी, उद्या तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही घ्याल का हो गांजा?" बाकीची औषधं करून बघितली असतील, डॉक्टरनं मात्रा लिहून दिली असेल आणि केमिस्टनं पावती फाडली असेल, तर घेईन. रात्री संडासला जाताना सूनबाईंना हाक मारीन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात काय ठरलं ते वहीत लिहीन. वही मी आणून ठेवली आहे.